प्राचार्यांनी गहाण टाकलेले घर

१९५२ साली कोल्हापुरातले एक राहते घर सात हजार रुपयांना गहाण पडले. घरमालकाला मुलीचे लग्न उरकायचे नव्हते, की धंद्यात खोट आलेली नव्हती. ते बॅरिस्टर होते, राजाराम कॉलेजचे प्राचार्य म्हणून साऱ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक होते. नाव बाळासाहेब खर्डेकर. पैसे हवे होते ते त्यांच्या एका विद्यार्थ्याला. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या गोळेश्वर गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा, उंची पाच फूट पाच इंच, वजन सत्तावन्न किलोच्या आत. त्याला फिनलंडला कुस्ती खेळायला जायचे होते.

खाशाबा दादासाहेब जाधवांनी हेलसिंकीहून आणलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. मला मात्र त्या पदकापेक्षा गहाण पडलेले घर जास्त वेळ थांबवून ठेवते. चारच वर्षांपूर्वी, १९४८ मध्ये, हेच खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. मधल्या चार वर्षांत मल्ल तोच राहिला, कॉलेजही तेच राहिले. मग असे काय बदलले, की एका शिक्षकाला आपल्या घराचे कागद घेऊन बँकेच्या दारात उभे राहावे लागले? याचे उत्तर शोधायचे तर कृष्णाकाठच्या मातीपासून सुरुवात करावी लागते.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात कुस्ती कॉलेजांच्या कितीतरी आधीची. गावात शाळा नसली तरी तालीम असायची. हौद्यातली लाल माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचा आणि ती खोऱ्याने उकरत राहायचे. पहाटे जोर-बैठका, मग लढत. वस्तादाचा शब्द शेवटचा. ग्रामदैवताची यात्रा आली की दुपारनंतर मैदान भरे. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागत, मोठ्यांच्या इनामावर. हलगी घुमायला लागली की मांडीवर शड्डू पडे आणि पंचक्रोशी बांधाबांधावर बसून बघे. मातीतल्या या कुस्तीला घड्याळ नव्हते. दोन्ही खांदे मातीला लागून समोरचा चितपट झाला तरच ती निकाली. बरोबरीत सुटलेली कुस्ती घरी जाताना कुणाला गोड लागत नसे.

या मातीला राजाश्रयाचे पाणी मिळाले ते राजर्षी शाहू महाराजांच्या काळात. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचे जुने क्रीडांगण पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबागचे मैदान उभे केले. १९१२ साली ते खुले झाले. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, त्यामुळे हजारोंच्या गर्दीत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पकड दिसते. देशभरातले मल्ल कोल्हापूरच्या तालमींत राहू लागले, त्यांचा खुराक दरबारातून निघू लागला. इकडे सातारा भागात औंधच्या संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेला. शरीर कमावणे हे राज्याचेही काम आहे, हा विचार या भागात संस्थानिकांनी रुजवला. ऑलिंपिकची ओळखही इथल्या मल्लांना तशी जुनीच. १९२० साली अँटवर्पला जो पहिला भारतीय चमू गेला त्यात रणधीर शिंदे नावाचे मराठी मल्ल होते आणि ते चौथे आले होते.

गोळेश्वरचे दादासाहेब जाधव स्वतः पैलवान. पाच मुलांतले धाकटे खाशाबा, जन्म १५ जानेवारी १९२६. वयाच्या पाचव्या वर्षी बापाने त्यांना मातीत उतरवले असे सांगतात, आणि आठव्या वर्षी त्यांनी त्या भागातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत लोळवले अशीही आठवण गावात आहे. गावच्या आठवणी थोड्या फुगतात हे मान्य केले, तरी हा मुलगा लहानपणापासून चपळ होता यावर सगळ्यांचे एकमत आहे. आडदांड अंगाचे वरदान त्यांना नव्हते, म्हणून डावावर भर. समोरच्याची मान बगलेत धरून त्याला उचलून टाकायचा ढाक हा त्यांचा हुकमी डाव. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्याकडून त्यांनी पुढचे धडे घेतले.

१९४० मध्ये खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात आले. हे साल लक्षात घ्यायला हवे. दोनच वर्षांत चले जाव चळवळ पेटली आणि सातारा जिल्ह्यात तिने सगळ्या देशापेक्षा वेगळे वळण घेतले. नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली गावागावांत प्रतिसरकार उभे राहिले, तुफान सेनेत तरुण पोरे भरती झाली. त्या काळात भूमिगतांना निवारा देणे, त्यांचे निरोप पोचवणे ही कामे शाळकरी खाशाबांनी केली. तालमीत घाम गाळणारा मुलगा आणि चळवळीतला मुलगा हे इथे वेगळे काढता येत नाहीत. दोघे एकाच गल्लीत वाढत होते. १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा फडकला तेव्हा हाच झेंडा ऑलिंपिकमध्ये फडकवायचा असे त्यांनी मनाशी धरले, ही आठवण त्यांच्या चरित्राशी कायमची जोडली गेली आहे.

त्याच वर्षी मॅट्रिक होऊन खाशाबा कोल्हापूरला गेले, कारण कराडात कॉलेज नव्हते. ते १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने काढले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये नुकते सुरू होत होते, आणि सांगलीत १९१९ पासून विलिंग्डन कॉलेज होते. पण कुस्तीगिराला कोल्हापूरच खुणावणार. कराडच्या हुशार पोरांनी राजाराम कॉलेजात जायचे ही वाट आधीच मळलेली होती. यशवंतराव चव्हाण याच वाटेने गेले होते. देवराष्ट्रे गावात जन्म, कराडचे टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज आणि १९३८ साली बी. ए. एकाच शाळेच्या आणि एकाच कॉलेजच्या पायऱ्या चढलेल्या दोन कराडकरांपैकी एक राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला आणि दुसऱ्याने स्वतंत्र देशाला पहिले वैयक्तिक पदक दिले.

राजाराम कॉलेज १८८० चे. संस्थानाने काढलेले, मुंबई विद्यापीठाला जोडलेले, ग्रंथालय आणि प्राध्यापकांसाठी नावाजलेले. वार्षिक क्रीडास्पर्धा तिथे दरवर्षी होत. खाशाबा कुस्तीत नाव द्यायला गेले तेव्हा खेळाच्या शिक्षकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि नाव घ्यायला नकार दिला. एवढ्याशा अंगाचा हा मुलगा कुठे तरी हात-पाय मोडून घेईल ही त्यांची काळजी. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. त्यांनी परवानगी दिली, आणि स्पर्धेत खाशाबांनी आपल्यापेक्षा अंगाने मोठ्या मुलांना एकामागून एक पाडले. या लहानशा प्रसंगावर मी मुद्दाम थांबतो. इथे प्राचार्यांनी नियमावर बोट ठेवले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. गावच्या तालमीत वस्ताद पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याला मैदानात सोडतो. खर्डेकरांनी कॉलेजच्या दिवाणखान्यात बसून तेच केले.

लंडन ऑलिंपिक जुलै-ऑगस्ट १९४८ मध्ये झाले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च दिला आणि कॉलेजचा हा विद्यार्थी ५२ किलोच्या गटात उतरला. तिथे त्यांची गाठ पहिल्यांदा खऱ्या अर्थाने गादीशी पडली. मातीत पाय रुततो, गादीवर तो उसळतो. मातीत अंगाला माती लागली की पकड बसते, गादीवर घामाने हात सटकतो. त्यात भर म्हणजे घड्याळ आणि गुण. चितपट झाले नाही तरी कुणाचे डाव जास्त बसले यावर पंच निर्णय देणार. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने तिथे त्यांना थोडे दिवस तयार केले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत हरवले, मग अमेरिकेच्या बिली जर्निगनला. इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना अडवले. अखेर सहावा क्रमांक. गादीवर जेमतेम पाय टेकलेल्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी कमाई होती.

जर्निगन आला होता ओक्लाहोमातून, आणि ओक्लाहोमा म्हणजे कॉलेजच्या कुस्तीचे माहेरघर. तिथल्या कृषी-तंत्र महाविद्यालयात एडवर्ड गॅलाघर या प्रशिक्षकाने १९१६ ते १९४० अशी चोवीस वर्षे संघ घडवला आणि त्याला राष्ट्रीय पातळीवरची अकरा सांघिक विजेतेपदे मिळवून दिली. १९३८ साली तिथे उभ्या राहिलेल्या बंदिस्त क्रीडागृहाला त्याचेच नाव दिले गेले. अमेरिकेत खेळाची ही घडणच कॉलेजांच्या हातून झाली. तिथला फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन अंगावर चालून जायचा तो, ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांच्या सामन्यातून सुरू झाला असे मानतात. येलच्या वॉल्टर कॅम्पने त्याचे नियम बसवले. हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचे स्टेडियम बांधले, आणि मिशिगन विद्यापीठाच्या १९२७ सालच्या मैदानात आज लाखभर माणूस बसतो. प्रशिक्षक पगारी, मुलांना शिष्यवृत्ती, मैदान विद्यापीठाचे. तिथे संघ म्हणजे माणसे बदलली तरी चालू राहणारी संस्था.

आपल्याकडे खेळ विद्यापीठाच्या बाहेर, तालमीत आणि यात्रेत वाढला होता. कॉलेजने त्याला फक्त दार उघडून दिले. जे दार माणूस उघडतो ते त्या माणसाबरोबर बंदही होऊ शकते, हे मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही.

लंडनहून परतल्यावर खाशाबांनी पुढच्या ऑलिंपिकची तयारी धरली. एक गट वर, ५७ किलो. या चार वर्षांत त्यांच्या भोवतीचे जग मात्र उलटेपालटे झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सांगली, औंध, जत, फलटण ही शेजारची संस्थाने त्याच्या आगेमागे विलीन झाली. जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि त्यातला दक्षिण भाग १९६० पासून सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. राजाराम कॉलेज सरकारी झाले, मुंबईऐवजी नव्या पुणे विद्यापीठाला जोडले गेले. विलीनीकरण न्याय्यच होते. प्रतिसरकारच्या जिल्ह्यातला माणूस त्याबद्दल हळहळणार नाही. पण त्या एका सहीसरशी मल्लांच्या खुराकाची, त्यांच्या प्रवासाची, इनामांची एक जुनी सोय संपली, आणि तिच्या जागी काय यायचे ते नव्या सरकारच्या कोणत्याही कागदावर नव्हते. खर्डेकरांचे घर गहाण पडले ते या पोकळीत.

आधी निवडीचाच पेच पडला. १९५२ च्या मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत बंगालच्या निरंजन दासकडून खाशाबा एका गुणाने मागे राहिले. पंचांनी आपल्याला मुद्दाम गुण कमी दिला असा त्यांचा आक्षेप होता. गप्प बसणारा स्वभाव नव्हता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे, म्हणजे भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षांकडे, न्याय मागितला. पुन्हा कुस्ती लावली गेली, आणि त्यात खाशाबांनी निरंजन दासला चितपट केले. ज्यावर वाद होऊ शकत नाही असा निकाल म्हणजे दोन्ही खांदे टेकलेले. मातीतल्या संस्काराने इथे त्यांना तारले.

जागा मिळाली, पण भाडे नव्हते. संघटनेकडे तेवढा पैसा नव्हता आणि मल्लाने आपली व्यवस्था आपण बघायची असा प्रकार होता. मुंबई सरकारकडे चार हजारांची मागणी झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांनी स्पर्धा उरकल्यावर भेटायला सांगितले, असे खाशाबांच्या चरित्रकथनात नेहमी येते. गोळेश्वर आणि कराड भागात मग वर्गणी फिरली. दुकानदारांनी दिले, शेतकऱ्यांनी दिले. ज्याच्याकडे रोकड नव्हती त्याने धान्य-शिधा दिला. मोठी रक्कम उभी राहिली ती खर्डेकरांनी मराठा बँकेत घर ठेवून काढलेल्या सात हजारांतून. त्याच वर्षी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोल्हापूर-सातारा मतदारसंघाने या खर्डेकरांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यासाठी जे केले ते एखाद्या श्रीमंताच्या देणगीत मोडत नाही. गहाण म्हणजे जोखीम. खाशाबा पहिल्या फेरीत हरून आले असते तरी व्याज चुकले नसते.

हेलसिंकीत फ्रीस्टाइल कुस्त्या २० ते २३ जुलैला झाल्या. कोल्हापूरचेच केशव माणगावेही त्या चमूत होते, ६२ किलो गटात. त्या वेळची पद्धत थोडी समजून घ्यायला हवी. आजच्यासारखी सरळ उपांत्य आणि अंतिम अशी उतरंड नव्हती. प्रत्येक कुस्तीनंतर मल्लाच्या नावावर उणे गुण चढत. चितपट करून जिंकला तर शून्य, गुणांवर जिंकला तर एक, हरला तर जास्त. हे गुण ठरावीक मर्यादेला पोचले की तो बाद. म्हणून चितपट करण्याला तिथे दुहेरी किंमत होती.

कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन पहिला. पंधरा मिनिटांची कुस्ती, त्यातल्या पंधराव्या मिनिटाला, चौदा मिनिटे पंचवीस सेकंदांवर, खाशाबांनी त्याला पाठीवर घातले. मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो सव्वापाच मिनिटांच्या आसपास चितपट. जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ पडला नाही, पण पंचांचा कौल दोनास एक असा खाशाबांच्या बाजूने पडला. आता पुढे दोन माणसे उरली होती. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममादबेयोव.

इशीचीही एक गोष्ट आहे. तो मूळचा ज्युदोचा. महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी अंमलदारांनी ज्युदोवर बंदी घातली तेव्हा तो कुस्तीकडे वळला. म्हणजे खाशाबा मातीवरून गादीवर आले, तर इशी तातामी चटईवरून. हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्ण याच इशीचे. खाशाबांनी त्याला शेवटपर्यंत झुंजवले, पण कुस्ती हातची गेली. या अखेरच्या टप्प्यात दमछाक झालेल्या खाशाबांना लगेच पुन्हा गादीवर बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता. तो दाखवून हट्ट धरायला त्या क्षणी एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. खाशाबांना ना ती भाषा येत होती, ना नियमपुस्तकातले कलम. ममादबेयोवविरुद्धची कुस्तीही गेली. इशीला सुवर्ण, ममादबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. माणगावे आपल्या गटात चौथे आले. त्यांच्या पुढचे कांस्य अमेरिकेच्या जोसाया हेन्सनला गेले, आणि तोही नौदल अकादमीच्या कॉलेज संघातून तयार झालेला.

ती अर्ध्या तासाची गोष्ट वाचताना मला दरवेळी तिथे मोकळी असलेली वस्तादाची जागा दिसते. गावच्या फडात वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा असतो. पोर दमले तर तो पंचाशी भांडतो, पाणी पाजतो, कानात डाव सांगतो. कर्ज काढून, वर्गणी जमवून आपण मल्ल तेवढा पाठवला होता, त्याच्यामागे उभे राहणारे कुणी पाठवले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघाने हॉलंडला ६-१ ने हरवून सुवर्ण जिंकले. बलबीरसिंगांचे त्यात पाच गोल. देशभरच्या वर्तमानपत्रांचे मथळे साहजिकच तिकडे गेले. कृष्णा-कोयनेच्या काठी मात्र वेगळा हिशेब होता. खाशाबा कराडला उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्या सजून आल्या होत्या. गावकरी एकशे एक्कावन्न हा आकडा सांगतात. महादेवाच्या देवळापर्यंतचे अंतर चालत पंधरा मिनिटांचे, त्या मिरवणुकीला सात तास लागले. ज्यांनी वर्गणी दिली होती तेच आता फेटे बांधून गाड्यांपुढे नाचत होते. पदकात आपला वाटा आहे ही भावना त्या गर्दीत खरी होती, अगदी रुपया-आण्यांत मोजता येईल इतकी.

परत आल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्ज फेडण्याचे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. या घटनेला पुष्कळदा गुरुदक्षिणा म्हटले जाते, आणि ते खरे आहे. पण हिशेबाच्या भाषेतही ती समजून घ्यावी. देशाला मिळालेल्या पदकाचा खर्च अखेर त्या खेळाडूने स्वतःच्या अंगमेहनतीने भरला.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, खात्यातल्या मुलांना शिकवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी गुडघ्याच्या दुखापतीने मोडली. सत्तावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत ज्योत घेऊन धावण्याचा मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००० सालचा. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी उभारलेल्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले.

हेलसिंकीनंतर या भागातली कुस्ती थांबली असे मुळीच नाही. उलट पुढची वीस वर्षे ती भरात होती. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये औरंगाबादला पहिला महाराष्ट्र केसरी ठरला तो सांगली भागातला, दिनकर दह्यारी. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांत सांगली जिल्ह्यातले दोन मल्ल गाजले. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरजेजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने, दोघांनीही सुवर्ण आणि रौप्य अशी दोन-दोन पदके आणली. दोघेही हिंदकेसरी. त्याच १९६२ च्या १८ नोव्हेंबरला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा ही जुनी कुस्तीची त्रयी एका विद्यापीठाच्या छताखाली आली. विद्यापीठ आले त्यामागे यशवंतरावांची, म्हणजे टिळक हायस्कूल आणि राजाराम कॉलेजच्याच विद्यार्थ्याची, इच्छाशक्ती होती.

इतके सगळे जुळून येऊनही ऑलिंपिकचे पदक पुन्हा या मातीकडे का फिरकले नाही? माझ्या मते दोन कारणे आहेत, आणि दोन्ही १९५२ मध्येच दिसून आली होती. पहिले म्हणजे गादी. यात्रेतला पैसा आणि मान मातीवरच्या निकाली कुस्तीला होता, तोही वजनदार मल्लाला. सत्तावन्न किलोच्या पैलवानाला आपल्या फडात मोठे इनाम कधीच नव्हते. महाराष्ट्र केसरीतसुद्धा माती आणि गादी असे दोन विभाग पुढे बराच काळ समोरासमोर राहिले. ऑलिंपिकला लागतो तो हलक्या गटातला, गुण मोजत लढणारा मल्ल, आणि खाशाबांसारखा तसा मल्ल योगायोगाने घडला होता. दुसरे कारण खर्डेकरांच्या घरातच आहे. दरबार गेला, त्याची जागा एका प्राचार्याने घेतली, प्राचार्य गेले आणि ती जागा रिकामी राहिली. दरवर्षी कॉलेजात येणाऱ्या पोरांमधून अंगाने लहान पण डावाने मोठा मुलगा हेरायचा, त्याला गादी, प्रशिक्षक, खुराक आणि परदेशात बाजू मांडणारा माणूस द्यायचा, हे काम कुणाच्या नोकरीचा भाग झाले नाही. आंतरमहाविद्यालयीन कुस्त्या होत राहिल्या, चषक कपाटांत गेले.

भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षे लागली, ते १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसमध्ये आणले. कुस्तीतले दुसरे पदक २००८ मध्ये सुशीलकुमारने, दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर गादीवरच वाढलेल्या मल्लाने. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक पुन्हा मिळाले १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये, बहात्तर वर्षांनी. तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे, नेमबाजीत. खाशाबांचे नाव त्या दिवशी पुन्हा एकदा सगळ्या बातम्यांत आले.

गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्ती संकुल व्हावे ही मागणी जुनी आहे. सरकारने ते जाहीर केले, निधीचे आकडेही सांगितले गेले, आणि वर्षे गेली. २०१७ मध्ये जाधव कुटुंबाने सांगितले की संकुल होत नसेल तर आम्ही हेलसिंकीचे ते पदक लिलावात काढू आणि येईल त्या पैशातून गावात तालीम बांधू. १९५२ मध्ये पदकासाठी एक घर गहाण पडले होते. पासष्ट वर्षांनी त्या पदकाचीच बोली लावायची वेळ येऊन ठेपली होती.